उताऱ्याचे म्हणणे : प्रस्तावना

इंग्रजी उतारा वाचून झाल्यावर मराठी माध्यमातल्या मुलाला दोन प्रश्न विचारून पाहावेत. पहिला, "हा उतारा कशाविषयी आहे?" दुसरा, "त्याविषयी लेखक काय म्हणतो?" पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा चटकन येते : पेनिसिलिनविषयी, मधमाश्यांविषयी, शहरातल्या रहदारीविषयी. दुसऱ्या प्रश्नापाशी मूल अडते, नाहीतर उताऱ्यातलेच एखादे वाक्य उचलून जसेच्या तसे समोर ठेवते. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द त्याला ठाऊक असतो, तरीही आपण तेच का निवडले हे त्याला सांगता येत नाही. हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

शब्द कळले की वाक्य कळते आणि वाक्ये कळली की उतारा आपोआप कळतो, असे आपण धरून चालतो. तसे होत नाही. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत 2023 साली 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत, ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलामुलींना इंग्रजी वाक्ये वाचायला दिली होती. 57.3 टक्के मुलांना ती वाचता आली आणि वाचता आलेल्यांपैकी 73.5 टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातली साधारण बेचाळीस. आणि ती वाक्ये साधी, सुटी होती. परिच्छेदाचा प्रश्न अजून पुढेच होता. महाराष्ट्रात 2000 सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, त्यामुळे दहावीतल्या मुलाच्या पाठीशी इंग्रजीची दहा वर्षे असतात. त्या दहा वर्षांत त्याने धड्याखालची उत्तरे लिहिली, रिकाम्या जागा भरल्या, काळ आणि प्रयोग बदलले. अनोळखी उतारा पुढे ठेवून "यात लेखकाचे म्हणणे काय, तुझ्या शब्दांत सांग" असे त्याला फार थोड्या वेळा विचारले गेले. ही उणीव मी शिकवण्याच्या खात्यावर मांडतो, मुलांच्या नाही.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे मात्र कुणी समजू नये. 1917 साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने शाळकरी मुलांना एक छोटा परिच्छेद दिला. फ्रँकलिन या गावी सात ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाने शाळेत हजर राहिलेच पाहिजे. मूल फार आजारी असेल, घरात कुणाला संसर्गजन्य रोग असेल किंवा रस्ते बंद असतील तरच सूट, एवढाच त्यातला मजकूर. परिच्छेदाचा विषय विचारल्यावर कुणी नुसतेच "फ्रँकलिन" लिहिले, कुणी "शाळा", तर कुणाला फ्रँकलिन हा थोर संशोधक आठवला. ही मुले स्वतःच्या मातृभाषेत वाचत होती. थॉर्नडाइकचा निष्कर्ष आजही वाचण्यासारखा आहे. उताऱ्यातला प्रत्येक शब्द वाचकाला आपल्याकडे ओढत असतो. कुणाला किती वजन द्यायचे, कुणाला मागे ठेवायचे, कुणाची सांगड कुणाशी घालायची, हे वाचकाला सतत ठरवावे लागते. एखादा शब्द वाजवीपेक्षा जड झाला की अर्थ कलतो. वाचन म्हणजे विचार करणेच आहे, असे त्याने त्या निबंधाच्या शीर्षकातच सांगून टाकले.

या विचाराचा दुसरा धागा थॉर्नडाइकहून जुना आहे. स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचे प्राध्यापक अलेक्झांडर बेन यांनी 1866 साली इंग्रजी लेखनावरच्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम सांगितले. परिच्छेदाच्या सुरुवातीच्या वाक्याने त्याचा विषय स्पष्ट करावा, असा त्यातला एक. नियम लेखकासाठी होता. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी तो उलटवून वाचकाच्या हाती दिला : पहिले वाक्य वाचा, मुख्य मुद्दा तिथे असतो, नसला तर शेवटचे वाचा. आजही स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत हीच युक्ती सर्वांत जास्त खपते. 1974 साली रिचर्ड ब्रॅडॉक यांनी नावाजलेल्या अमेरिकी नियतकालिकांतले लेख घेऊन परिच्छेद खरोखर कसे लिहिले जातात ते मोजले. ज्यांची सुरुवात मुख्य मुद्दा सांगणाऱ्या सरळ वाक्याने होते असे परिच्छेद जेमतेम 13 टक्के निघाले. पुष्कळ ठिकाणी मुद्दा अनेक वाक्यांत विभागलेला होता, आणि काही ठिकाणी तो कुठेच लिहिलेला नव्हता. वाचकाने तो जुळवून घ्यायचा होता. पहिल्या-शेवटच्या वाक्याच्या युक्तीने काही गुण पदरात पडत असतीलही. वाचता येऊ लागत नाही, एवढे खरे.

एक उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचे बोलणे हवेत राहणार नाही. उतारा असा आहे. पेनिसिलिनचा शोध योगायोगाने लागला असे नेहमी म्हटले जाते. 1928 साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जिवाणूंच्या एका बशीत बुरशी पडलेली दिसली आणि तिच्याभोवतीचे जिवाणू मेलेले आढळले. मात्र फ्लेमिंग यांना तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढता आला नाही. दहाएक वर्षांनी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम हाती घेतले. 1941 साली एका पोलिसावर त्यांनी औषध वापरले. तो सुधारू लागला, पण साठा संपला. त्याच्या लघवीतून औषध परत मिळवून ते पुन्हा टोचले, तरी तो वाचला नाही. त्यानंतर मोठ्या प्रमाणावर उत्पादनाची खटपट सुरू झाली. 1945 चे नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून देण्यात आले.

आता पर्याय. "फ्लेमिंग यांनी 1928 साली पेनिसिलिन शोधले" हे विधान खरे आहे, उताऱ्यातही आहे. पण तो एक तपशील झाला. "पुरेशा साठ्याअभावी पोलीस रुग्ण दगावला" याचेही तसेच, आणि ते मनाला चटका लावणारे असल्यामुळे जास्त फसवे. "विज्ञानातले सगळे शोध सामूहिक असतात" हे उताऱ्याच्या अंगापेक्षा मोठे आहे. सगळ्या शोधांबद्दल लेखक बोललेलाच नाही. "प्रतिजैविकांचा अतिवापर घातक आहे" ही गोष्ट बाहेरच्या जगात खरी, इथे तिचा पत्ता नाही. उरते ते असे : पेनिसिलिन योगायोगाने दिसले असले तरी त्याचे औषध व्हायला अनेकांचे दीर्घ परिश्रम लागले. हे वाक्य उताऱ्यात कुठेही लिहिलेले नाही, आणि त्यातल्या एकूण एक वाक्याचा आधार मात्र त्याला आहे. परीक्षेतले चुकीचे पर्याय बहुधा याच तीन घराण्यांतले असतात : फार अरुंद, फार रुंद किंवा उताऱ्याबाहेरचे. एकदा ही घराणी ओळखता आली की चार पर्यायांपुढे बसलेल्या विद्यार्थ्याची अर्धी भीती जाते.

हे सारे शिकण्यासाठी मराठी वाचकाला पश्चिमेकडेच पाहायला हवे असे नाही. लांब ग्रंथाचे म्हणणे नेमके काय, हे कसे ठरवायचे याचा विचार आपल्याकडे मीमांसकांनी फार पूर्वी केला आणि त्यासाठी सहा खुणा सांगितल्या. ग्रंथाचा आरंभ आणि शेवट कशाने होतो. कोणती गोष्ट पुन्हा पुन्हा येते. नवीन असे काय सांगितले आहे. त्यातून काय साधायचे आहे. कोणता भाग केवळ स्तुती, निंदा किंवा दाखला म्हणून आला आहे. आणि कोणती युक्तिवादाची साखळी सगळ्याला धरून ठेवते. लोकमान्य टिळकांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभीच या खुणा मांडल्या आणि त्यांच्या आधारे गीतेच्या तात्पर्याची चर्चा केली. अर्जुन लढायला नकार देतो तिथे गीता सुरू होते आणि तो लढायला तयार होतो तिथे संपते. मग मधल्या उपदेशाचे तात्पर्य कर्म सोडण्यात कसे असेल, हा त्यांचा प्रश्न या पहिल्याच खुणेतून निघतो. टिळकांचा निष्कर्ष कुणाला मान्य असो वा नसो, पद्धत मराठीत सर्वांसमोर मांडलेली आहे. इतक्या मोठ्या ग्रंथावर तात्पर्य काढण्याचा असा खुला, पायरीपायरीने केलेला प्रयोग आधुनिक मराठीत दुसरा क्वचितच सापडेल.

त्या सहा खुणा पेनिसिलिनच्या उताऱ्याला लावून पाहा. आरंभी एकट्याचा योगायोग, शेवटी तिघांचे नोबेल. मधे पुन्हा पुन्हा काय येते, तर अडचण आणि तिच्यावरची खटपट. नवीन काय, तर ऑक्सफर्डची कथा. फ्लेमिंगची बशी बहुतेकांना आधीच माहीत असते. पोलिसाचा प्रसंग दाखल्यासाठी आलेला आहे, तो कितीही हृदयद्रावक असला तरी. ही पाचवी खूण, दाखला आणि मुद्दा यांतला फरक, मला सर्वांत मोलाची वाटते, कारण आपले विद्यार्थी सर्वांत जास्त तिथेच घसरतात. दाखला ठसठशीत असतो, मुद्दा अमूर्त असतो. आणि अपुऱ्या इंग्रजीने वाचणारा मनुष्य ठसठशीत गोष्टीला धरून राहणारच. आरंभ बलवान की शेवट, हा वादही मीमांसेत होऊन गेला आहे. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी आरंभाच्या बाजूने ग्रंथ लिहिला आणि विजयींद्रतीर्थांनी शेवटाच्या बाजूने. पहिली ओळ की शेवटची ओळ, असा आजच्या शिकवणी वर्गातला प्रश्न दिसायला त्याच्याच जवळचा आहे. मात्र त्या पंडितांपुढे सगळा ग्रंथ उघडा होता, आणि आरंभ व शेवट यांना जोडणाऱ्या मजकुराचा हिशोब देणे दोघांनाही भाग होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाचनाचा अभ्यास वाढला आणि त्यात तीन मोठे प्रवाह दिसतात. पहिला प्रवाह वाचणारा मजकुराचे काय करतो हे पाहतो. वॉल्टर किंच आणि टॉइन व्हान डाइक यांनी 1978 साली असे मांडले की वाचक मजकुराचा गाभा तीन प्रकारे तयार करतो. अनावश्यक ते गाळतो. अनेक बारीक गोष्टींना एका व्यापक नावाखाली आणतो. आणि लिहिलेल्या गोष्टींतून न लिहिलेले एक विधान स्वतः रचतो. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे यांनी 1983 साली वेगवेगळ्या वयाच्या विद्यार्थ्यांकडून सारांश लिहून घेतले. गाळणे लहानांनाही जमले. स्वतः विधान रचणे सर्वांत उशिरा येते असे दिसले, महाविद्यालयात पोचलेल्यांनाही ते जड जात होते. आपली मुले उताऱ्यातलेच वाक्य का उचलतात याचा उलगडा इथे होतो : ती गाळायला शिकली आहेत, रचायला शिकलेली नाहीत. 1984 साली ब्राउन आणि अ‍ॅनमेरी पालिंक्सार यांनी, वाचता येते पण कळत नाही अशा सातवीच्या मुलांना छोट्या गटांत बसवले. मुलांनी आळीपाळीने शिक्षक व्हायचे, परिच्छेदाचा सारांश सांगायचा, प्रश्न विचारायचा, अडलेले उलगडायचे, पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. काही आठवड्यांत त्यांचे आकलन लक्षणीय सुधारले.

दुसरा प्रवाह म्हणतो, युक्त्या ठीक आहेत, पण आकलन मुख्यतः विषयाच्या माहितीवर उभे असते. 1988 साली डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुले, वाचनात तयार पण खेळ न जाणणाऱ्या मुलांना मागे टाकून गेली. क्रिकेटच्या सामन्याचा इंग्रजी वृत्तान्त आणि व्याजदरावरचा इंग्रजी अग्रलेख आपल्या एकाच विद्यार्थ्याला देऊन पाहिले तर हेच दिसेल. तिसरा प्रवाह परकी भाषा शिकणाऱ्यांचा आहे. चार्ल्स अल्डर्सन यांनी 1984 साली थेट विचारले : परक्या भाषेत वाचताना अडते ते वाचनामुळे की भाषेमुळे? भाषेची एक किमान पातळी गाठल्याशिवाय मातृभाषेतले वाचनकौशल्य तिकडे नेता येत नाही, असे या विचाराचे म्हणणे. पॉल नेशन यांच्या 2006 च्या हिशोबानुसार पुस्तके आणि वृत्तपत्रे बाहेरच्या मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळे (एक शब्द आणि त्याची जवळची रूपे मिळून एक कूळ) लागतात.

या तिसऱ्या प्रवाहाची एक मुळी भारतात आहे. इंग्रजांच्या काळात ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण देणारे मायकेल वेस्ट यांनी 1926 साली बंगालमधल्या द्विभाषिक शिक्षणावर लिहिताना म्हटले की इथल्या मुलाची खरी गरज इंग्रजी वाचण्याची आहे. बरीच मुले शाळा अर्धवट सोडतात. अशा मुलाच्या हाती काय उरते ते पाहा. त्यासाठी त्यांनी विम्याच्या व्यवहारातला 'सरेंडर व्हॅल्यू' हा शब्द वापरला. मधेच सोडले तरी वाचनाचे जेवढे आले तेवढे उपयोगी पडते. त्यांनी मोजक्या शब्दांत वाचनपुस्तके तयार केली आणि पुढे 1953 साली सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची प्रसिद्ध यादी आली. इंग्रजी बोलता येण्याच्या मागे आज जो तो लागला आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण वेस्टचा युक्तिवाद अजून खोडला गेलेला नाही. तालुक्याच्या गावातल्या मुलीला रोज इंग्रजी बोलायला कुणी भेटेलच असे नाही. इंग्रजी वाचायला मात्र तिला औषधाच्या वेष्टनापासून न्यायालयाच्या निकालापर्यंत सगळे समोर आहे.

माझे मत असे की तीनही प्रवाह बरोबर आहेत आणि त्यांतला कोणताही एकटा पुरत नाही. मुख्य मुद्दा शोधण्याच्या रीती थोडक्या आहेत, त्या लवकर शिकता येतात. त्यानंतर त्याच त्याच घोटण्यापेक्षा नवे विषय आणि नवे शब्द मिळवण्यात वेळ घालवलेला बरा. जो वर्ग वर्षभर फक्त युक्त्या शिकवतो तो विद्यार्थ्याचे वर्ष वाया घालवतो.

आज या गोष्टीची निकड का, याचे एक कारण परीक्षा आहेत आणि ते मी हलके मानत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत 2011 पासून आकलनाचे उतारे आले. 2014 साली मोठे आंदोलन होऊन इंग्रजी आकलनाचे गुण त्या वर्षी धरले गेले नाहीत, आणि 2015 पासून उताऱ्यांचा तो पेपर 33 टक्क्यांवर उत्तीर्ण होण्यापुरता राहिला. तरीही उतारे इंग्रजीत आणि हिंदीतच असतात, त्यामुळे मराठी माध्यमाच्या उमेदवाराला या दोहोंपैकी एकीत तात्पर्य काढावेच लागते. मुख्य परीक्षेतल्या सक्तीच्या इंग्रजी पेपरात आकलन आणि सारांशलेखन दोन्ही आहेत. दुसरे कारण नवे आहे. कोणत्याही लेखाचा गोषवारा आता यंत्र क्षणात काढून देते. तो बरोबर आहे की दाखल्यालाच मुद्दा समजून बसला आहे, हे तपासण्याचे काम वाचकाकडेच राहते. आणि ज्याला मूळ उताऱ्याचे म्हणणे स्वतः काढता येत नाही त्याच्याकडे तपासायला काहीच नसते.

आता या पुस्तकाविषयी. इथे उतारे विषयवार गटांनी दिले आहेत : पाणी, रोगराई, कायदा, बाजार, प्रवास असे. एका गटातले चार-पाच उतारे सलग वाचावेत. पहिल्याने दिलेली माहिती आणि शब्द दुसऱ्याला उपयोगी पडतात, आणि गटाच्या शेवटी येणारा अवघड उतारा त्यामुळे हाताळता येतो. गटाच्या आत मुद्दा कधी आरंभी आहे, कधी शेवटी, कधी मधल्या एका 'बट' किंवा 'हाउएव्हर'च्या पाठीशी, आणि कधी कुठेच लिहिलेला नाही. अशा जोडशब्दांना या पुस्तकात बरीच जागा दिली आहे. 'इट इज ऑफन सेड दॅट' असे म्हणून लेखक सुरुवात करतो तेव्हा तो बहुधा दुसऱ्यांचे मत सांगत असतो, पुढे ते खोडण्यासाठी. 'ऑलदो' ज्या अर्ध्या वाक्याला लागते ते त्याने मान्य करून सोडलेले असते. वजन उरलेल्या अर्ध्यावर असते, जसे 'जरी-तरी'मध्ये ते 'तरी'कडे असते. 'दिस प्रॅक्टिस' किंवा 'सच निग्लेक्ट' असे शब्द आले की मागच्या तीन-चार वाक्यांना लेखकाने स्वतःच एक नाव दिलेले असते. ते नाव पकडले की अर्धा सारांश तयार झाला.

प्रत्येक उताऱ्याखाली पहिली मागणी एकच आहे : विषय आणि त्याविषयीचे म्हणणे, दोन्ही असलेले एक पूर्ण वाक्य मराठीत लिहा. इंग्रजी वाक्य त्यानंतर, आणि पर्यायी प्रश्न सर्वांत शेवटी. मराठीत लिहिण्याला काही शिक्षक हरकत घेतील, तेव्हा कारण सांगतो. इंग्रजीत उत्तर मागितले की विद्यार्थी उताऱ्यातलेच शब्द उतरवतो आणि त्याला कळले की नाही हे कुणालाच समजत नाही. मराठीत लिहिताना उतरवायला काही नसते. परक्या भाषेत वाचलेल्याचा गोषवारा मातृभाषेत घेतला तर वाचकाला प्रत्यक्षात किती समजले ते जास्त दिसते, असे या क्षेत्रातल्या अभ्यासकांनीही नोंदवले आहे. पहिल्या वाचनात शब्दकोश मिटलेला ठेवावा. वाक्य लिहून झाल्यावर, ज्या शब्दामुळे ते डळमळते तेवढाच शब्द पाहावा. घड्याळ पुस्तकाच्या शेवटच्या भागापर्यंत लावायचे नाही. कथा आणि कविता यात घेतलेल्या नाहीत. त्यांचे म्हणणे काढण्याची रीत वेगळी आहे आणि तिला स्वतंत्र पुस्तक लागेल.

शिक्षकांना एक विनंती. वर्गातल्या चार-पाच जणांची वाक्ये फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत, आणि प्रत्येकाने आपल्या वाक्याला उताऱ्यातला कोणता भाग आधार देतो आणि कोणता भाग आड येतो हे बोट ठेवून दाखवावे. मागे दिलेली उत्तरे नमुन्याची आहेत. वर्गातले एखादे वाक्य नमुन्याहून वेगळे असूनही सगळ्या उताऱ्याला पुरत असेल, तर ते बरोबर धरावे आणि नमुन्याशेजारी पुस्तकातच लिहून ठेवावे. तेवढ्यासाठी पानांना समास रुंद ठेवला आहे.